वीराच्या खांद्यावरची पाकळी

वालावलचं लक्ष्मीनारायणाचं देऊळ पाहून, दोन एस.टी. बदलून मी मसुऱ्याकडच्या एका गावात उतरलो. साताऱ्याहून इतक्या लांब आलो होतो तो एका वीरगळासाठी.

देवळामागे वडाच्या पारावर तो उभा होता. काळा दगड. तळाला नौका, तिच्यात भाला उगारलेला वीर. मधल्या पट्टीत त्याला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा. सर्वांत वर तोच वीर शंकराच्या पिंडीसमोर हात जोडून. अक्षरओळख नसलेल्यालाही गोष्ट कळावी. वल्हेकऱ्यांच्या पाठी एकसारख्या वाकलेल्या, पण एकाने मान वळवून मागे किनाऱ्याकडे पाहिलेलं. काय हात असेल त्या कारागिराचा!

आसपास कोणी नव्हतं. मी फोटो काढला. भाल्याजवळचं बारीक काम दिसेना, म्हणून ओल्या रुमालाने कुंकू, पाकळ्या सगळं पुसून काढलं.

"अरे, अरे! ह्या काय केलंस?" विहिरीवर पाणी प्यायला गेलेल्या एक काकी धावत आल्या. "माजो कौल होतो तो!"

कौल म्हणजे देवाला विचारलेला प्रश्न. गुरव वीराच्या दोन्ही खांद्यांवर पाण्याने पाकळ्या चिकटवतो. उजवी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. झिलाक (मुलाला) जहाजावर धाडू का, असं काकींनी विचारलं होतं. त्यांचे यजमान समुद्रातच बुडाले होते.

"खयची आधी पडली?"

"काकी, मी पाहिलंच नाही."

आरडाओरडा ऐकून गुरव आले. "मुंबयकार काय?"

"साताऱ्याचा."

"मगे तर झालाच!" ते काकींकडे वळले. "रडा नको, वयनी. परत लावया."

मी ओशाळून पिशवी उचलली.

"खंय जातंस?" काकी म्हणाल्या. "पुसलंस ना? मगे बस हय."

बसलो. गुरवांच्या घरून उकड्या तांदळाची पेज आणि लोणचं आलं. इतकी गोड पेज मी कधी खाल्ली नव्हती, पण माझी नजर नव्याने लावलेल्या पाकळ्यांवरच होती. उन्हं कलताना उजवी पाकळी पडली. काकींनी पदर तोंडाला लावला, मग उठल्या.

"चला. लाडू बांधूक व्हये त्येका."

कुडाळच्या स्टँडवर मी फोटो उघडला. तोवर तो आठवलाच नव्हता. नौका, अप्सरा, ती वळलेली मान, सगळं सुरेख उतरलं होतं. वीराच्या उजव्या खांद्यावर पाकळी होती. डाव्या खांद्यावर नव्हती.

साताऱ्याची गाडी लागली, आणि मी चढलो.

मित्रांना हा फोटो मी हौसेने दाखवतो, कारागिराबद्दल भरभरून बोलतो. डाव्या खांद्याबद्दल बोलत नाही. समुद्रात वादळ असल्याची बातमी आली, की एकटाच तो उघडतो आणि हात जोडतो.