एक ग्लास, तीस किलोमीटर

शनिवारी संध्याकाळी बिअरची एक बाटली दोघांत, हा आमच्या संसाराचा जुना नियम. लग्नाच्या पहिल्या वर्षी नवऱ्यानं बिचकत विचारलं होतं, "चव घेऊन बघणार का?" मीही बिचकतच घेतली. कडू लागली. तरी पुढच्या शनिवारी मीच म्हटलं, "आज आणा."

नवऱ्याचं कर्जतच्या बाजारात मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. शनिवारी तो शटर लवकर ओढतो. मी रसायनीच्या एका कारखान्यात लॅबमध्ये काम करते. कंपनीची बस मला सातच्या सुमारास दहिवलीला, घराजवळ सोडते. अंघोळ, मग भाजलेले शेंगदाणे, चिरलेला कांदा आणि दोन स्टीलचे ग्लास. स्टीलचे अशासाठी, की काचेत रंग दिसतो आणि माझी आई दोन गल्ल्या पलीकडे राहते.

आईबद्दल सांगायला हवं. आमचं घर बौद्ध. आजोबांच्या पिढीनं दीक्षा घेतली तेव्हा आमच्या वस्तीतल्या कितीतरी घरांनी दारू सोडली. माझ्या थोरल्या चुलत्यांना मात्र ती सुटली नाही. ते गेले तेव्हा आई तिशीत होती. त्यानंतर तिनं वस्तीतल्या बायका गोळा केल्या आणि ओढ्याकाठच्या हातभट्टीची मडकी फोडली. एकदा नाही, तीनदा. तिसऱ्यांदा भट्टी पुन्हा लागलीच नाही. आजही ती रोज संध्याकाळी मेणबत्ती लावून वंदना म्हणते आणि पाचव्या शीलाला, म्हणजे नशेपासून दूर राहण्याच्या वचनाला, तिचा आवाज थोडा चढतो. त्या आवाजापासून दोन गल्ल्यांवर मी शनिवारी स्टीलचा ग्लास हातात घेऊन बसायचे.

मग धावणं आलं. चाळिसाव्या वर्षी कंपनीच्या तपासणीत डॉक्टर म्हणाले, साखर काठावर आहे, चाला. चालण्याचा मला कंटाळा. पुलापर्यंत चालत जायचे आणि कंटाळून परत धावत यायचे. धावलेलं आवडतंय हे हळूहळू लक्षात आलं. ट्रॅक पँट घालून पहाटे रस्त्यावर पळणारी बाई बघून दूधवाल्यानं एकदा काळजीनं विचारलंसुद्धा, "ताई, काय झालं? कुणाला बोलवू का?" गेल्या वर्षी एकवीस किलोमीटर पूर्ण केले आणि ठरवलं, आता बेचाळीस. स्पर्धा जानेवारीच्या शेवटी होती. ऑक्टोबरपासून रविवारची पहाट लांब पल्ल्यासाठी राखून ठेवली.

सोबत मिळाली ती पळसदरीच्या रस्त्यावर. साठी ओलांडलेले एक गृहस्थ रोज तिथं धावायचे. निवृत्तीआधी रेल्वेत इंजिन चालवायचे, घाटात गाड्यांना मागून ढकलणारी इंजिनंही त्यांनी चालवली होती. मी त्यांना ड्रायव्हरकाका म्हणायला लागले. ठेंगणे, काटक, आणि धावताना श्वास असा लयीत की त्यांच्या शेजारी माझंही पाऊल आपोआप जुळायचं.

एका रविवारी मी सहज विचारलं, "काका, तुम्ही घेता का हो कधी?"

"घेतो की. आयतवारी जेवताना एक पेग. उजेडात."

"मग दुसऱ्या दिवशी धावताना त्रास?"

"एकाचा नाय होत. पन कवा घ्यायची ते ठरल्यालं पायजे." मग त्यांनी सांगितलं, की कामावर हजर होताना मशीनमध्ये फुंकावं लागायचं. जरा वास निघाला तर इंजिनात पाय ठेवता यायचा नाही. "म्हनून ड्यूटीच्या आदल्या दिवशी थेंब नाय. पस्तीस वर्सं पाळलं. आता इंजिन नाय माझ्याकडं, पन पाय हायत ना. त्यांचीबी ड्यूटी आसतेच."

मी हसले. माझा ग्लास नेमका लांब धावण्याच्या आदल्या संध्याकाळीच असतो, हे मी काही बोलले नाही. एकाच ग्लासानं काय होतंय, असं वाटायचं. आणि खरं सांगायचं तर काही होतही नव्हतं. झोप जरा तुटायची, पहाटे तोंड कोरडं पडायचं, इतकंच. मी लॅबमधली बाई. बारीक काचेच्या नळीतून थेंबाथेंबानं मोजून रसायन सोडायचं, रंग बदलला की तिथंच थांबायचं, हे माझं रोजचं काम. मोजायला आपल्याला येतं, याचा मला गर्व होता.

डिसेंबरात खालापूरकडच्या एका गावात माझ्या शाळेतल्या मैत्रिणीच्या लेकीची हळद होती. शनिवारी. दुसऱ्या दिवशी माझे तीस किलोमीटर, आजवरचे सगळ्यात लांब. नवरा म्हणाला, "जाऊन लवकर परत येऊ."

अंगणात गाणी लागली होती, पुरुष मांडवामागे बसले होते. आम्हा जुन्या मैत्रिणींची मागच्या खोलीत वेगळी बैठक जमली. पहिला ग्लास नेहमीसारखा झाला. मग एकीनं दुसरा भरला. मी हात आडवा धरला तर ती म्हणाली, "तू तर घोडीसारखी पळतेस गं. तुला काय होतंय? सगळं घामात जातंय!"

सगळ्या हसल्या. मलाही ते पटलं. नुसतं पटलं नाही, आवडलं. दोन महिने पहाटे चारला उठत होते, घरातल्या सगळ्यांच्या आधी. एवढं तर आपण कमावलंय, असं वाटलं. दुसऱ्यानंतर तिसरा झाला. त्यानंतर कुणीतरी लहान ग्लासात काहीतरी पांढरं दिलं, तेही घेतलं. हळदीच्या हातांनी खूप नाचले. दहाच्या आत घरी आलो होतो, त्यामुळे लवकर झोपले, काही बिघडणार नाही, अशी मी माझीच समजूत घातली.

पहाटे गजर झाला तेव्हा डोकं जड होतं. नवरा पडल्या पडल्या म्हणाला, "आज राहू दे ना." तेवढ्यावरूनच मी बूट घातले. हट्ट होता तो. चिकाटी वेगळी आणि हट्ट वेगळा, हे त्या दिवशी मला ठाऊक नव्हतं.

काका पुलाजवळ उभे होते. माझ्याकडे बघून एवढंच म्हणाले, "बरं वाटतंय ना?"

"एकदम."

दहिवलीहून पळसदरीमार्गे खोपोलीच्या अलीकडपर्यंत जायचं आणि परत फिरायचं, असा बेत होता. जाताना थंडी होती, निभावलं. परत फिरलो आणि ऊन पाठीवर आलं. छाती उगाच धडधडत होती. पाणी प्यायले की मळमळायचं, नाही प्यायले की जीभ टाळूला चिकटायची. केळवलीच्या जरा पुढे रस्त्याच्या कडेला वाकले आणि उलटी झाली. एक टेंपोवाला वेग कमी करून बघून गेला. मी तोंड पुसलं आणि पुन्हा धावायला लागले. शंभर पावलांवर डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी गवतातच बसले.

काकांनी माझ्या डोक्यावर पाणी ओतलं. खिशातल्या पुडीतलं मीठ-साखर बाटलीत घालून हलवलं आणि घोट घोट पाजलं. ते रिक्षासाठी हात करायला लागले तेव्हा मी म्हटलं, "दहाच राहिलेत काका. चालत तरी पुरे करते."

"उतर म्हनतो तर उतर. गाडी फेल झाली की ड्रायव्हर खाली उतरतो. रुळाशी भांडत नाय."

मला रडू आलं. म्हटलं, "काका, काल मी..."

"ठावं हाय मला. मशीन तर मागनं आलं. त्याच्या आदी आमी नाकानंच वळखायचो. पुलापाशीच कळलं व्हतं."

"मग मला थांबवलं का नाही?"

त्यांनी बाटलीचं झाकण घट्ट केलं. मग म्हणाले, "चुकलं माझं. थांबवायला पायजे व्हतं. मला वाटलं, तूच सांगशील."

त्यांनी चूक स्वतःवर घेतली, ते मला उलटीपेक्षा जास्त लागलं.

रिक्षानं घरी पोचले तर आई ओट्यापाशी उभी. दर रविवारी मी भुकेलेली येते म्हणून ती तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकट घेऊन यायची. माझा अवतार बघून ती धावत आली, मला धरलं आणि जागीच थांबली. तिला वास नवा नव्हता. थोरल्या दिरांना तिनं कितीदा असंच दारातून आत आणलं होतं.

"कुनी पाजली?" तिनं विचारलं. डोळे दारात आलेल्या माझ्या नवऱ्याकडे.

"कुणी नाही आई. मीच घेतली. आणि कालच नाही. बारा-तेरा वर्षं घेते. दर शनिवारी एक ग्लास."

आई खाली बसली. मग विचारलं, "एकच?"

"एकच."

"आन् काल?"

"काल मोजली नाही."

"तुझा थोरला काका बी पयला एकच घ्यायचा," ती म्हणाली. "आमालाबी तो मोजूनच सांगायचा. मी तुला सोड म्हननार नाय. तू काय लहान नाय. पन चोरून पिऊ नको. चोरून पिनाऱ्याला मोजनारं कुनी नसतं गं."

भाकऱ्या ठेवून ती निघून गेली. जेवायला थांबली नाही.

त्या दुपारी मी झोपू शकले नाही. सरळ मार्ग दिसत होता, दारू सोडून द्यायची. पण आत कुठंतरी वाटत होतं, की लाजेपोटी सोडली तर लाज ओसरल्यावर पुन्हा धरीन, आणि पुन्हा चोरूनच. मला सोडायचं असेल तर सोडता यायला हवं होतं आणि घ्यायचं असेल तर एकावर थांबता यायला हवं होतं. दोन्ही. उघडपणे. मी वहीच्या मागच्या पानावर लिहिलं: लांब धावण्याच्या आदल्या दिवशी थेंब नाही. स्पर्धेपर्यंतचे सहा आठवडे अजिबात नाही. त्यानंतर घेतलीच तर रविवारी, धावून आल्यावर, पोटभर पाणी आणि जेवण यांच्यासोबत, एक ग्लास. काचेचा. वही नवऱ्याला वाचायला दिली. त्यानं वाचली आणि म्हणाला, "मीही थांबतो सहा आठवडे." मी म्हटलं, "तुम्ही थांबू नका. फ्रीजमध्ये असू दे. नसलेली गोष्ट सोडण्यात काय आहे?"

पहिला शनिवार जड गेला. गंमत म्हणजे बिअरची आठवण आली नाही, त्या तासाची आली. दोघांनी पाय पसरून बसण्याची. मग आम्ही कोकम सरबत घेऊन बसलो आणि तो तास परत मिळाला. पुढच्या आठवड्यात कंपनीत निरोपाची पार्टी झाली, तिथं दोघांनी आग्रह केला. एकदा नाही म्हटलं, दुसऱ्यांदा नाही म्हटलं, तिसऱ्यांदा कुणी विचारलंच नाही. इतकं सोपं असतं हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. किंवा सांगितलंही असेल.

तीस किलोमीटर मी पुन्हा केले, त्याच रस्त्यानं. केळवलीच्या पुढची ती जागा आली आणि मागे पडली. घरी आई भाकऱ्या घेऊन आलेली होती. मधले दोन रविवार ती आली नव्हती.

स्पर्धेच्या दिवशी चौतीस किलोमीटरनंतर मांड्या लाकडासारख्या झाल्या. आजूबाजूला माणसं बसत होती, कुणी रडत होतं. मी चालले, पुन्हा धावले, पुन्हा चालले, पण बसले नाही. पाच तास आणि वर काही मिनिटं लागली. शेवटच्या रेषेपलीकडे सोबत धावलेल्या काहींनी थंडगार कॅन काढले आणि एक माझ्या हातात दिला. आता सहा आठवड्यांचा नियम संपला होता, घ्यायला हरकत नव्हती. पण अंगात पाण्याचा टिपूस उरला नव्हता हे मला कळत होतं. मी कॅन परत दिला आणि दोन शहाळी प्यायले.

पुढच्या रविवारी आई जेवायला बसलेली असताना मी फ्रीज उघडला. काचेच्या ग्लासात बिअर ओतली. आईनं बघितलं. ताट उचललं आणि आतल्या खोलीत जाऊन बसली. मी तिच्यामागे गेले नाही आणि ग्लासही लपवला नाही. अर्धा प्यायले, उरलेला जेवताना. बाटली नवऱ्यानं संपवली.

आजही तसंच चालतं. मी ग्लास काढला की आई आतल्या खोलीत जेवते, नाही काढला की बाहेर. तिला ते मान्य नाही आणि मान्य असल्याचं नाटकही ती करत नाही. हल्ली महिन्यातले दोन-तीन रविवार मला ग्लासाची आठवणच होत नाही. मागच्या रविवारी मात्र झाली, घेतली, आणि आईनं आतूनच विचारलं, "कितवा?"

"पहिला आणि शेवटचा."

"बरं," ती म्हणाली, आणि भात मागितला.

ड्रायव्हरकाकांनी यंदा बेचाळीसचा अर्ज भरलाय. त्यांची ही पहिलीच. परवा त्यांनी मला पळसदरीच्या चढावर गाठलं आणि विचारलं, "चौतीसच्या फुडं नक्की काय व्हतं, ते सांग गं मला." मी धावता धावता सांगायला लागले.