सांडशी न लागणारे हात

परवा फोनवर तू विचारलंस, "आजी, होस्ट सेलला मराठीत काय म्हणतात गं?" 'यजमान पेशी' असं मी सांगितलं आणि तू खूप हसलीस, कारण मी तुमच्या आजोबांनाही कधीकधी यजमान म्हणते. फोन ठेवल्यावर मात्र माझं कशात लक्ष लागेना. जंतू पेशीत शिरून तिथे कसे राहतात, हे तू आता शिकते आहेस. मला ते आमच्या स्वयंपाकघरात कळलं होतं. तुम्हा दोघा भावंडांना हे कुणी सांगितलेलं नाही, म्हणून क्रमाने लिहिते.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. गिरगावातली खोली सोडून आम्ही भाईंदर पूर्वेला, खारी गावाच्या कडेला एका नव्या इमारतीत राहायला आलो. तुमचे आजोबा, मी, शाळेत जाणारी तुमची आई, माझ्या सासूबाई आणि माझी धाकटी नणंद. नणंद फोर्टातल्या एका कचेरीत टायपिस्ट होती. तिच्यासाठी स्थळं बघणं चालू होतं.

सकाळच्या भाकऱ्या तिच्याकडे असत. डाव्या हाताने ती तापलेला तवा सरकवायची, चहाचं उकळतं पातेलं उतरवायची. सासूबाईंना त्याचं कोण कौतुक! आल्यागेल्याला सांगायच्या, "आमच्या पोरीला सांडशी लागत नाही हो. हात कसे तयार झालेत बघा." मी पदराचं टोक शोधायला लागले की नणंद म्हणायची, "वहिनी, तुझे हात इंग्लिश मीडियमचे. त्यांना वाफसुद्धा लागते."

कचेरीत मात्र साहेब कुरकुरत होते. तिच्या कागदांवर 'a' हे अक्षर पुसट उमटायचं. रिबन बदलली, मग मशीन बदललं. ते अक्षर डाव्या करंगळीचं असतं, एवढं तिला आणि मलाही ठाऊक होतं. पुढचा विचार कुणी केला नाही.

एका रविवारी ती ओट्याशी उभी राहून विरारच्या स्थळाची नक्कल करत होती. मुलाच्या मामांनी तिला "गाता येतं का?" असं तीनदा विचारलं होतं. बोलता बोलता ती थांबली.

"काय करपलंय गं?"

तव्यावर भाकरी नव्हती. तिचा डावा हात टेकला होता. तो मी ओढून बाजूला केला. ती हाताकडे बघत राहिली, दुसऱ्या कुणाच्या हाताकडे बघावं तशी.

मी तिला सरकारी दवाखान्यात त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. कोपराजवळ एक फिकट चट्टा होता. ऊन लागल्याचा असेल म्हणून आम्ही तो सोडून दिला होता. बाई म्हणाल्या, "डोळे मिटा. कापूस लागला की बोट वर करा." नणंदेने शहाण्या मुलीसारखे डोळे मिटले. बाई कापूस टेकवत होत्या. चट्ट्यावर, मनगटावर, करंगळीवर. ती वाट बघत बसली होती. थोड्या वेळाने म्हणाली, "करा ना सुरू."

मी खिडकीकडे तोंड फिरवलं.

कुष्ठरोग. मला इंग्रजी येतं असं पाहून बाईंनी मला कागदावर आकृती काढून दाखवली. हा जंतू फार सावकाश वाढतो. आपल्या नसांवर ज्या पेशींचं आवरण असतं, त्यांना तो चिकटतो आणि आत शिरतो. पेशीला तो मारत नाही, कारण त्याला तिथेच राहायचं असतं. जंतू गिळायला येणाऱ्या रक्षक पेशी त्याला गिळतात, पण पुष्कळदा पचवू शकत नाहीत, मग तो त्यांच्याही पोटात राहतो. वर्षानुवर्षं कुणाला पत्ता लागत नाही. शरीर उशिरा जागं होऊन लढायला लागतं, तेव्हा नस सुजते आणि अरुंद जागेत स्वतःच चेंगरते. "गोळ्या सुरू झाल्या की हिच्यापासून कुणाला धोका नाही," बाई म्हणाल्या. "जंतू मरतील. नसेचं मात्र आत्ता सांगता येत नाही."

घरी आल्यावर सासूबाईंनी एकदाच 'महारोग' हा जुना शब्द उच्चारला आणि तोंडावर पदर धरला. तिची ताटवाटी वेगळी काढायला त्या उठल्या, तेव्हा तुमचे आजोबा तिला म्हणाले, "चहा टाक गं. आणि आईलाही दे." तिने केलेला चहा ते सगळ्यांसमोर प्यायले. सासूबाईंचा कप तसाच निवला. दुसऱ्या दिवशी त्या एकट्याच बाजारात जाऊन नवी सांडशी घेऊन आल्या, लेकीच्या हातात दिली आणि गॅलरीत जाऊन बसल्या. हातांचं कौतुक त्यांनी पुन्हा केलं नाही.

गोळ्यांनी तिचा रंग काळवंडला. जिन्यात शेजारीण विचारायची, "इतनी काली कैसे हो गई? धूप में घूमती हो क्या?" ती हसून "समंदर पे जाती हूँ" म्हणायची. स्थळांना तिने स्वतःच नाही म्हणून कळवायला सांगितलं. तिला एकच गोष्ट हवी होती, हातात पुन्हा जाणीव यावी. अंघोळीनंतर रोज टाचणीने करंगळी टोचून बघायची. "आज थोडं कळलं, वहिनी." कळलेलं नसायचं. शेवटी टाचण्यांची डबी मी उचलून ठेवली.

उपचार पूर्ण झाले. जंतू उरले नाहीत, असं बाईंनी सांगितलं. करंगळी वाकडी राहिली. टायपिंग सुटलं, कचेरीने तिला आवक-जावकच्या टेबलावर बसवलं.

बऱ्याच वर्षांनी तुझ्या वेळी तुझी आई बाळंतपणाला माहेरी आली. तुला न्हाऊ घालायला नणंदेला फार आवडलं असतं, पण ती बादलीजवळ यायची नाही. "पाणी कढत आहे की कोमट, मला काय कळणार?" म्हणायची. तुला मांडीवर घ्यायची ती मात्र अंघोळ झाल्यावर, दुपट्यात गुंडाळल्यावर.

अशीच एकदा सकाळी ती तुला घेऊन बसली होती आणि सासूबाईंशी बाजारातल्या बोंबलांच्या भावावरून वाद घालत होती. तू दुपट्यातून हात काढून तिची ती वाकडी करंगळी मुठीत घट्ट धरली होतीस. मी बराच वेळ बघत होते. मग न राहवून म्हटलं, "अगं, बोट धरलंय बघ तुझं."

तिने खाली पाहिलं.

"हो?" ती म्हणाली. "कधीपासून?"