दुसऱ्या वेळेची गावसभा

आजही कुणी बेल सोडून नुसत्या मुठीने दार ठोकलं, की मी हातातलं काम टाकून उभा राहतो आणि ती सगळी घटना डोळ्यांपुढे येते. बायको म्हणते, "अहो, कुरिअरवाला असेल, बसा." बसतो. पण कान दाराशीच असतात.

मी मूळचा साताऱ्याकडचा. विशीत मामाकडे अमेरिकेत आलो, पुढे नागरिकत्व मिळालं आणि मॅसॅच्युसेट्समध्ये वूस्टरजवळच्या एका टाऊनच्या पोलिसात भरती झालो. आमच्या महाराष्ट्र मंडळातले लोक अजून चिडवतात, "सगळे आयटीत आणि हे एकटे पोलिसात!" चिडवोत बापडे. घराचा अलार्म वाजला की त्यांचे फोन मलाच यायचे. टाऊनचं आणि माणसांचं नाव सांगणार नाही. निवृत्त झालो तरी ते पथ्य पाळायचं असतं.

खबर आली तीही ठाण्याच्या फोनवर नाही, माझ्या मोबाइलवर. मंडळातलीच पुण्याची एक मुलगी, घरून काम करणारी. "काका, सॉरी हं, ड्यूटीवर आहात ना? तो माणूस परत आलाय. डोअरबेल कॅमेऱ्यात क्लिअर दिसतोय. म्हातारा आहे, टोपी घातलीये. दार बडवतो, काहीतरी बोलतो आणि पुढच्या घरी जातो. मी घरात एकटी आहे यार... म्हणजे, काका, मला खरंच भीती वाटतेय."

त्या रस्त्यावरून आधीही तक्रारी आल्या होत्या. एक गृहस्थ तर ठाण्यात येऊन डेस्कवर सांगून गेले होते, "पुढच्या वेळी मी दार उघडीन ते हातात बंदूक घेऊनच." या देशात बाहेरच्याने दार ठोकायचं आणि आतल्याने घाबरायचं, यातून काय होऊ शकतं ते मी नोकरीत पाहिलं होतं. घरफोडीच्या आधीची टेहळणी असावी, असा आमच्या साहेबांचा कयास. मला तो पटेना. घर हेरणारा चोर दबकत येतो, हा बाबा तर प्रत्येकाला स्वतःचं तोंड दाखवत फिरत होता.

मी गाडी घेऊन गेलो तेव्हा तो एका बंद दारासमोर उभा होता. मला पाहून पळाला नाही. टोपी काढली, मनगटावरच्या घड्याळावर बोट ठेवलं आणि काहीतरी समजावून सांगितलं. मला एक अक्षर कळलं नाही. हाताला धरून गाडीत बसवलं तर निमूट बसला.

ठाण्यात आणल्यावर आमच्या फोन घेणाऱ्या डिस्पॅचरने भाषा ओळखली. पोलिश. तिची आजी तिकडची. फोनवर दुभाषी घेतला आणि चौकशी सुरू केली. नाव? गप्प. पत्ता? गप्प. जन्मतारीख? आजोबांनी माझ्या बिल्ल्याकडे पाहिलं आणि फोनमध्ये काहीतरी ठणकावून सांगितलं.

दुभाषी चाचरत म्हणाला, "ते म्हणतायत, तुम्ही सरकारचे. हे गावाचं काम आहे. गावाच्या कामात सरकारने कशाला नाक खुपसायचं?"

"गावाचं काम म्हणजे?"

"म्हणतायत, मी सोउतिस आहे. गावचा प्रमुख."

दाराशी उभ्या असलेल्या साहेबांनी कानाजवळ बोट गोल फिरवून दाखवलं. मला तसं वाटलं नाही. खोटं बोलणारा नजर चुकवतो, नाहीतर जरा जास्तच रोखतो. आजोबा माझ्याकडे बघत होते ते कचेरीतल्या आडमुठ्या कारकुनाकडे बघावं तसे, वैतागून.

पोलंडमध्ये पोलीस गावाचे नसतात, सरळ देशाच्या सरकारचे असतात, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. मी आपला सहज बोलून गेलो, "आजोबा, मी सरकारचा नाही हो. मी या टाऊनचा नोकर. वसंतात गावकरी टाऊन मीटिंगला जमतात, हात वर करतात, तेव्हा कुठे पोलिसांचे पगार मंजूर होतात."

दुभाष्याने सांगितलं. आजोबा खुर्चीत सरसावून बसले. "तुमचा पगार गावसभा ठरवते?"

"हो, गावसभाच."

"मग आधीच सांगायचं नाही का! तुम्ही आपल्यातलेच."

आणि टोपी टेबलावर ठेवून भडाभडा बोलायला लागले. गावसभा बोलावली आहे. घरोघर निरोप देतो आहे. पण लोक दारच उघडत नाहीत, हल्ली कुणाला गावाचं काही पडलेलंच नाही. सभेचा विषय काय, म्हणून मी विचारलं तर मान हलवली. "विषय एकच आहे. तो मी लोकांसमोर उभा राहून सांगेन. फोनवर नाही."

तेवढ्यात त्यांना शोधत त्यांची मुलगी धापा टाकत आली. नर्स होती, अंगावर इस्पितळाचाच गणवेश. वडिलांना विस्मरणाचा आजार. आई गेल्यावर ती त्यांना पोलंडहून इथे घेऊन आली होती. ती कामावर गेली, सांभाळणारी बाई जरा आत वळली, की हे निघाले.

"पण ते खोटं बोलत नाहीयेत, सार्जंट," ती म्हणाली. "ते खरंच सोउतिस होते. किती वर्षं, ते त्यांनाही सांगता येणार नाही."

मग तिने तिकडची व्यवस्था समजावली. बरीच गावं मिळून एक ग्मिना. शाळा, पाणी, गावातले रस्ते, कचरा हे सगळं ग्मिनाकडे. तिच्या प्रमुखाला खेड्यांच्या भागात वुइत म्हणतात.

"सरकारने नेमलेला?" मी विचारलं. माझ्या डोक्यात तहसीलदार.

"छे! लोक मतं देऊन निवडतात. कौन्सिलही निवडतात. आणि ग्मिनातल्या गावागावाला एकेक सोउतिस. तो गावचे लोक सभेत गुप्त मतदान करून ठरवतात. बाबा कौन्सिलमध्ये जाऊन बसायचे, बोलायचे, भांडायचे. मत देण्याचा हक्क मात्र नाही. गावाचं म्हणणं तिकडे न्यायचं आणि तिकडचं गावाला सांगायचं. कराच्या नोटिसासुद्धा तेच घरोघर वाटायचे. आमच्या घरावर लाल पत्र्याची पाटी होती, 'सोउतिस' अशी. रात्री गाय अडली तरी लोक आमचंच दार बडवायचे."

मी म्हटलं, आलं ध्यानात. म्हणजे सरपंच. आणि तिथेच मी फसलो.

साहेबांनी तिला स्पष्ट सांगितलं. पुन्हा असं झालं तर ज्येष्ठांच्या खात्याकडे अहवाल जाईल, आणि ते म्हणतील की आजोबांना कुलूपबंद वृद्धाश्रमात ठेवा. ती रडली नाही. नुसती म्हणाली, "कुलूप लावलंत तर ते महिनाभरात जातील. दाराला कडी नव्हती हो आमच्या." मी तिला माझा मोबाइल नंबर दिला आणि त्या रस्त्यावरच्या घराघरांत जाऊन आजोबांचा फोटो दाखवला. बंदुकीवाल्या गृहस्थांनीही फोटो बराच वेळ पाहिला. म्हणाले, "माझे वडील असेच गेले." पुण्याच्या मुलीने तर कॅमेऱ्याखाली पोलिश भाषेत 'नमस्कार आजोबा' असं छापून चिकटवलं.

बंदुकीची भीती गेली. थंडी राहिलीच.

हिवाळ्यातल्या एका दुपारी आजोबांच्या मुलीचा फोन आला. आवाज असा की मला आधी ओळखूच आला नाही. "बाबा नाहीत. कोट घालून गेलेत, पण हातमोजे इथेच आहेत." बाहेर बर्फ भुरभुरत होता आणि संध्याकाळपासून वादळाचा इशारा होता. तशा थंडीत हातमोज्यांशिवाय म्हातारा माणूस किती टिकतो, ते आम्हा दोघांनाही सांगायची गरज नव्हती.

सगळ्या गाड्या बाहेर काढल्या. मी तिला शेजारी बसवलं आणि थेट टाऊन हॉल गाठला. सरपंच कुठे जाणार? ग्रामपंचायतीच्या कचेरीत. मी अगदी खात्रीने निघालो होतो. टाऊन हॉलचा पुढचा दरवाजा, मागचा दरवाजा, पार्किंग, बाक, सगळं पाहिलं. नाही. वाचनालय पाहिलं. पोलिश लोकांचं चर्च पाहिलं. पायांचे ठसे होते ते बर्फाने पुसून टाकले होते. वायरलेसवर एकेक गाडी सांगत होती, इकडे नाही, इकडे नाही. साहेबांनी ॲम्ब्युलन्स तयार ठेवायला सांगितली. ती बिचारी शेजारी बसून काचेतून बाहेर बघत एकच शब्द पुटपुटत होती, "तातो, तातो." बाबा, बाबा.

मी चिडलो. तिच्यावर नाही, स्वतःवर. "अहो, तुमच्या गावात सभा कचेरीतच भरायची ना?"

ती काचेवरून नजर काढून माझ्याकडे वळली. "कसली कचेरी? गावाला कचेरी नसतेच. कचेरी ग्मिनाची, ती दुसऱ्या गावात. तिथे वुइत बसतो."

"मग सभा कुठे भरायची?"

"आगीच्या बंबाच्या शेडमध्ये. गावात मोठी खोली तेवढीच. बंब बाहेर काढायचे, खुर्च्या मांडायच्या."

मी कपाळावर हात मारला. डोक्यात सरपंच घेऊन फिरत होतो, आणि त्या माणसाला आयुष्यात कधी कचेरीची खुर्चीच नव्हती! आमच्या टाऊनचं नवं अग्निशमन केंद्र हमरस्त्यावर, काचेचं, बँकेसारखं दिसणारं. त्यांना ते ओळखू येणं शक्य नव्हतं. पण तळ्याकाठी जुनं केंद्र होतं, विटांचं, मोठ्या लाल दारांचं, बरीच वर्षं बंद. मी गाडी वळवली आणि ॲम्ब्युलन्सला तिथेच बोलावलं.

आजोबा तिथे होते. लाल दाराच्या वळचणीला ताठ उभे. दारापुढचा बर्फ त्यांनी हातांनी बाजूला सारला होता, लोक यायचे म्हणून. बोटं पांढरीफटक पडली होती. मुलगी धावत गेली, त्यांना कवटाळलं, ओढायला लागली. ते हलेनात. ओठ थरथरत होते, पण आवाज खणखणीत.

"काय म्हणतायत?"

"सभा झाल्याशिवाय नाही, म्हणतायत." आणि तिचा बांध फुटला. "तिकडे नियम आहे. पहिल्या वेळेला पुरेसे लोक आले नाहीत तर पाव तास थांबायचं. मग दुसरी वेळ. तेव्हा जितके असतील तितक्यांत सभा होते. ते म्हणतायत, पहिली वेळ झाली. आता दुसऱ्या वेळेसाठी थांबलोय."

एरवी मी काय केलं असतं ते मला माहीत आहे. दोघांनी दोन बाजूंनी धरून उचलून गाडीत घातलं असतं. कायद्याने ते बरोबरच होतं. पण त्या चेहऱ्याकडे बघून माझा हात पुढे होईना. एवढ्यात ॲम्ब्युलन्स आली. आमच्याकडे ती अग्निशमनवाल्यांचीच असते. जाड कोट आणि हेल्मेट घातलेली माणसं धडाधड उतरली, आणि आजोबांचा चेहरा एकदम उजळला. बंबवाले आले होते. त्यांच्या हिशेबी गाव आलं होतं.

मी बंबवाल्यांना खुणेने थांबवलं. त्यांच्यातल्या एकीने पुढे होऊन आजोबांच्या खांद्यावर घोंगडी टाकली, हात गरम पट्ट्यांत गुंडाळले आणि तिथेच उभी राहिली. मी टोपी काढली. म्हटलं, "त्यांना सांगा, दुसरी वेळ झाली. सभा सुरू करा."

आजोबा बोलले. मुलगी एकेक वाक्य इंग्रजीत सांगत होती. "सभेपुढे विषय एकच. माझी बायको वारली. मुलगी मला अमेरिकेला न्यायला आली आहे. तुम्ही मला निवडलंत, तेव्हा तुम्हाला न विचारता मी कसा जाऊ? सोउतिसने गाव सोडावं का, गावाने सांगावं."

मग ती माझ्याकडे वळली. "निघताना ते हेच म्हणत होते. सभा घेतो, मग निघू. मी तिकिटं काढून बसले होते. म्हटलं, बाबा, फोनवरून कळवू."

"बाजूने कोण?" आजोबांनी विचारलं.

मी हात वर केला. घोंगडी टाकणारीने केला. मग सगळ्या बंबवाल्यांनी, हातमोज्यांसकट. शेवटी मुलीने केला.

"विरोधात?"

कुणी नाही. आजोबांनी सगळ्यांवरून नजर फिरवली, मान हलवली आणि म्हणाले, "मंजूर." मग स्वतःच ॲम्ब्युलन्सकडे चालायला लागले.

काही बोटांची टोकं गेली, पण माणूस वाचला. त्यानंतर त्यांनी पुन्हा कधी कुणाचं दार ठोकलं नाही. मुलीच्या घरीच राहिले, कुलपाशिवाय, आणि एका उन्हाळ्यात झोपेत गेले. माझ्या अहवालात मी लिहिलं होतं, 'सभा संपल्यावर गृहस्थ स्वखुशीने परत आले.' साहेबांनी 'सभा'खाली रेघ मारून विचारलं, "कसली सभा?" मी म्हटलं, "गावची, सर. मीही मत दिलं." साहेबांनी सही केली.

पोलीस अकादमीत शिकवतात, आधी नाव विचारा, मग पत्ता. ते चूक नाही. पण हरवलेला म्हातारा माणूस शोधताना मी पुढे घरच्यांना पहिला प्रश्न वेगळा विचारायला लागलो: यांचं कुठलं काम राहिलंय? भटकणारा माणूस पुष्कळदा कामावर निघालेला असतो, आपल्याला ते काम दिसत नाही एवढंच. या एका प्रश्नाने पुढे मला आणखी माणसं जिवंत सापडली.

आणि एक सांगतो, सांगायचं नव्हतं. मी साताऱ्याहून निघालो तेव्हा एसटीत बसवायला फक्त आई आली होती. नंतर तीही गेली. आता टाऊन मीटिंगला जातो, मागच्या रांगेत बसतो, रस्त्याच्या आणि गटाराच्या ठरावांना हात वर करतो. हात वर असताना आजोबा आठवतात. त्यांना त्यांच्या गावाने जा म्हटलं. मला अजून कुणी म्हटलेलं नाही.