बारा कोरे फलक आणि एक कडी

मला वाटलं होतं, भिवंडीतल्या बायका माझी वाटच बघत असतील. प्रत्यक्षात कामतघरला मजीदमामूंच्या यंत्रमागाच्या कारखान्यात पाऊल टाकलं, तर धागे कापत बसलेल्या शहनाजआपांनी पहिलाच प्रश्न विचारला, "बेटी, पोलंड में खाना नहीं मिलता था क्या?"

हसा, हसा! पण चहा संपवू नका एवढ्यात. मी स्वतःच्या हातानं स्वतःचं काय करून घेतलं, ते सांगायला जरा वेळ लागणार आहे.

पोलंडला मी दोन वर्षं कला शिकले. समाजवाद गेल्यानंतरच्या देशांतली आजची कला, तीही बायकांच्या आणि क्विअर, म्हणजे बाई-पुरुषाच्या ठरीव चौकटीत न बसणाऱ्या माणसांच्या नजरेतून. आमच्या बाई सांगायच्या, जुन्या राजवटीत भिंतीभिंतीवर घोषणा असत. कामगार बाईच्या नावानं सरकारच बोलून मोकळं व्हायचं. घोषणांची एवढी शिसारी बसली, की पुढे तिथल्या काही कलाकार बंद गिरण्यांसमोर कोरे फलक धरून उभ्या राहिल्या. एक अक्षर नाही! ऐकून मी वर्गातच रडले होते.

म्हटलं, हेच भिवंडीत करायचं. मामूंना गाठलं.

"मामू, दुपारच्या चहाच्या सुट्टीत दहा मिनिटं बायका गेटसमोर फलक धरून उभ्या राहतील."

"मागणी काय त्यांची?"

"काहीच नाही. फलक कोरे."

"काहीच न्हाय?" मामूंचा चेहरा उजळला. "मग दहा कशाला? पंधरा मिनिटं घे!"

इथेच मला शंका यायला हवी होती की नाही? पण मी कुठली!

आणि कारखान्यात बबलू होता. पडघ्याकडचा. आधारकार्डावर बबिता, पण अंगात शर्ट-पँट, केस बारीक, बोलणं 'मी आलो, मी गेलो', आणि सहा लूम एकटा सांभाळायचा. मला तर चालताबोलता प्रबंधच सापडला! तीन दिवस वही घेऊन मी त्याच्या मागे. सगळे चहा प्यायचे, बबलू कपाला हात लावायचा नाही. मी लगेच लिहिलं, 'चहाला नकार, म्हणजे समाजानं लादलेल्या भूमिकांना नकार.'

"काय लिवतेस गं ताई?"

"तुझ्याबद्दलच."

"मग मला इचार की!"

विचारायचं कशाला? मला सगळं माहीत होतं!

ठरलेल्या दुपारी अकरा बायका आणि बबलू गेटसमोर उभे राहिले. मामू समोर खुर्ची टाकून बसले, शेजारी दोन कारखानदार मित्र. मी फलक वाटले.

"इसपे लिखना क्या है?" शहनाजआपा.

"काहीच नाही, आपा."

"तो पकडना कायको?"

मी मौनाची ताकद समजावत होते, तेवढ्यात बबलूनं खिशातला मार्कर काढला. ताग्यांवर नंबर टाकायचा असतो ना, तो. आणि फलकावर मोठ्ठं लिहिलं, 'संडासला कडी पायजे.'

मार्कर रांगेतून पुढे सरकला. 'कडी.' 'कडी.' 'कुंडी लगाओ.'

माझ्या अंगात काय संचारलं कोण जाणे! रांगेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत धावले आणि एकेक फलक उलटा केला. "खराब करताय तुम्ही! कोरेपणातच अर्थ आहे!"

मामू खुर्चीतून उठून टाळ्या वाजवायला लागले. मित्रांना म्हणाले, "बघा! युनियनवाले पाट्या लिहून जातात, माझी भाची त्या उलटवते! शिक्षण म्हणतात ते ह्याला!"

टाळ्या थांबल्यावर बबलूनं फलक माझ्या हातात दिला. चिडलाही नाही.

"ताई, संडास एकच हाय. बाया जोडीनं जातात, एक जण भायेर दार धरते. बाप्यांना काय फिकीर न्हाय. माझं दार कोन धरनार? म्हनून मी बारा तास पानी पीत न्हाय. चहा पन न्हाय."

चहा पण नाही! माझी वही, माझा नकार, माझ्या भूमिका!

पोलंडच्या बायकांना दुसऱ्यांनी बोलून बोलून गप्प केलं होतं, म्हणून त्यांचं गप्प राहणं हे बंड होतं. इथे मुळात कुणी विचारलंच नव्हतं. आणि पहिल्यांदा कुणी बोललं, तेव्हा तोंडावर हात ठेवणारी कोण? परदेशातून खास त्यासाठी आलेली मी!

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला, पाळी बदलताना, मी बबलूचा मार्कर मागून घेतला.

"काय लिहू?"

"इचारलंस एकदाचं," तो म्हणाला. "लिव, आत मानूस हाय."

लिहिलं. फलक गळ्यात अडकवला आणि संडासाच्या दाराला पाठ लावून उभी राहिले. बबलूनं माठावरचा तांब्या उचलला आणि माझ्याकडे बघत बघत गटागटा रिकामा केला.

मामू धावतच आले. "अगं, हे काय चाललंय?"

"प्रदर्शन, मामू. कडी बसेपर्यंत रोज सकाळी आठ ते रात्री आठ."

तर मंडळी, हल्ली कुणी विचारलं, दोन वर्षं परदेशात शिकून झालीस काय, तर मी खरं तेच सांगते.

कडी!