पुढच्या चाकातली खुळखुळ

माझ्या थोरल्या बहिणीच्या यजमानांनी, म्हणजे आमच्या दाजींनी, आयुष्यात स्वतःच्या डोळ्यांवर कधी विश्वास ठेवला नाही. डोळे देवाने माणसाला झोपताना मिटायला दिले आहेत, बाकीचा सगळा प्रपंच कानांनीच करायचा असतो, अशी त्यांची पक्की समजूत होती. "दिसतं तसं नसतं, मास्तर," ते मला म्हणायचे, "पण वाजतं तसं असतंच." बाजारात गेले की कलिंगड, मडकं, नारळ, खाट, सगळं आधी कानाला लागायचं आणि मग पिशवीत पडायचं. आक्काला बघायला आमच्या घरी आले तेव्हा त्यांनी मान वर केली नाही. ती पाणी घेऊन आली, तिच्या हातातल्या तांब्यावरचं फुलपात्र वाजलं नाही, तेवढंच ऐकलं आणि बाहेर येऊन आपल्या वडिलांना म्हणाले, "पोरगी शांत हाय." आक्का पुढे अनेक वर्षं हसून सांगायची, "शांत कसली? फुलपात्र मी अंगठ्यानं दाबून धरलं होतं."

दाजींचं गाव निपाणीपासून दोन कोसांवर. घरची तंबाखूची शेती, मोठं जैन कुटुंब, घरात मराठी आणि कानडी एकाच वाक्यात नांदायची. मी बेळगावात शाळामास्तर, आणि आमचं घर शहापुरात. तिथे घरोघरी हातमाग. दाजी आमच्याकडे आले की गल्लीच्या तोंडापासून दारापर्यंत पोचायला त्यांना अर्धा तास लागायचा, कारण प्रत्येक मागापाशी ते थांबून कान द्यायचे. एकदा ते ओळखदेख नसताना एका विणकराच्या घरात शिरले आणि म्हणाले, "तुमचा धोटा चिरलाय बगा." तो बिचारा गोंधळला. मागावर इकडून तिकडे धावणारा तो धोटा हातात घेऊन त्याने उजेडात फिरवून पाहिला, तर टोकाला केसाएवढी चीर होती. त्या घरची म्हातारी तेव्हापासून दाजींना बघितलं की डोक्यावरचा पदर सारखा करायची. अर्थात असे नेम नेहमीच बसत नसत. आपल्या चुलतभावाच्या परसातली भिंत पोकळ वाजते, ती पावसाळा काढणार नाही, असं त्यांनी छातीठोकपणे सांगितलं होतं. त्या भिंतीने त्यानंतर नऊ पावसाळे काढले. कुणी आठवण दिली की ते शांतपणे म्हणायचे, "तिनं माझं बोलणं ऐकलं आन् सावध झाली."

अशा माणसाने मोटार घ्यावी हे विधिलिखितच होतं. बेळगावच्या कँपातला एक साहेब विलायतेला परत निघाला होता, त्याची कापडी टपाची जुनी मोटार दाजींनी घेतली. घेताना डोळे मिटून इंजिनापाशी उभे राहिले, "ठीक हाय" म्हणाले आणि घेऊन आले. घरी आल्यावर आक्काने विचारलं, "अवो, रंग कोन्ता हाय?" तेव्हा दाजी पुन्हा बाहेर जाऊन बघून आले. हिरवा होता. त्या मोटारीत डोळ्यांनी बघण्याजोगी एकच गोष्ट त्यांना सापडली होती. तिच्या चारी चाकांच्या मधोमध आरशासारख्या चकचकीत टोप्या होत्या. त्यांत सगळं गाव उलटंपालटं दिसायचं. रोज सकाळी देवदर्शन झालं की दाजी कोरडं फडकं घेऊन त्या चार टोप्या पुसत बसायचे. बाकीच्या गाडीवर इंचभर धूळ असली तरी चालायची.

लग्नाला अकरा वर्षं झाल्यावर आक्काला दिवस गेले. ती बाळंतपणाला आमच्याकडे शहापुरात आली आणि तिकडे दाजींच्या मोटारीत, पुढच्या चाकांपाशी कुठेतरी, एक आवाज सुरू झाला. आता दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, गाडी वाजते. दाजींच्या लेखी वाजण्याला अठरापगड जाती होत्या. "खडखड म्हंजे काय तरी सैल झालंय," ते समजावायचे. "करकर म्हंजे कोरडं पडलंय, तेल मागतंय. टकटक म्हंजे तुटाय आलंय. आन् खुळखुळ म्हंजे जिथलं तिथं न्हाय, सुटून मोकळं फिरतंय. ही खुळखुळ हाय, मास्तर." हे निदान त्यांनी पहिल्याच दिवशी केलं होतं. खुळखुळ आहे हे ठरलं होतं. कुठे आहे हे ठरायला तीन महिने लागले.

निपाणीत तंबाखूच्या वखारी आहेत. त्यांच्या लांबच लांब दगडी भिंतींच्या कडेने गाडी नेली की चाकाचा आवाज भिंतीवर आपटून कानावर परत येतो, हा दाजींचा शोध. त्यासाठी ते एकाच वखारीच्या कडेने दिवसभर जायचे आणि यायचे. आत तंबाखू निवडणाऱ्या बायकांना आधी वाटलं, सरकारी माणूस पाळत ठेवून आहे. खरा प्रकार कळल्यावर दुपारच्या सुट्टीत सगळ्या भाकरी हातात घेऊन भिंतीला ओळीने बसल्या आणि गाडी समोरून गेली की निकाल सांगू लागल्या. एक म्हणाली पैंजण, एक म्हणाली सुपातले हरभरे. एक म्हातारी म्हणाली, "आप्पा, माझ्या नातवाचा खुळखुळा आसाच वाजतोय बगा." दाजींनी गाडी थांबवून तिला नमस्कार केला. त्या सबंध तालुक्यात आपल्या तोडीचा कान त्यांना पहिल्यांदाच भेटला होता.

मी सुट्टीत गेलो की माझी नेमणूक फूटबोर्डावर व्हायची. एका हाताने दार धरायचं, दुसऱ्या हाताने एक वेताची काठी मडगार्डाला लावायची, तिचं दुसरं टोक स्वतःच्या कानात, आणि दाजी गाडी बैलाच्या चालीने चालवणार. "काय ऐकू येतंय?" "वारा." "आन्?" "तुमचा आवाज." "मास्तर, तुमच्या शाळंतल्या पोरांची मला लई काळजी वाटतीया," असं म्हणून ते पुढच्या वळणावर काठी माझ्याकडून काढून घ्यायचे.

आक्काला मुलगी झाली. दाजी बघायला आले, पाळण्याशी उभे राहिले आणि डोळे मिटले. पोर सणसणीत रडत होती. "खणखणीत हाय," ते म्हणाले, आणि ती रडायची थांबेपर्यंत तसेच उभे राहिले. त्यानंतर सव्वा महिन्याने मायलेकींना घेऊन जायला ते मोटार घेऊन आदल्या दिवशीच आले, कारण शहापुरातल्या मिस्त्रीला आवाज दाखवायचा होता. मी बरोबर गेलो. मिस्त्री मुकाट्याने काम करणारा माणूस. त्याने जॅकवर पुढचं डावं चाक उचललं, वर-खाली धरून हलवलं, मग आडवं धरून हलवलं. "वर-खाली हलतंय, पर किंचित," तो म्हणाला. "टोपी काढून बगाय पायजे. आत नट आस्तोय, नटात पीन आस्ती. पर टोपी घट्ट बसलीया. छन्नी लावून ठोकाय लागंल."

"छन्नी?" दाजी म्हणाले. "तिला?"

"जरा वरखडा उठंल."

दाजी खाली वाकले. त्यांचा चेहरा त्या टोपीत लांबुडका दिसत होता. "ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "निपाणीला गेल्यावर बघू."

दुसऱ्या दिवशी जेवून निघालो. मी पुढे दाजींच्या शेजारी, मागे आक्का आणि तिच्या मांडीवर पोर. दिवस मावळल्यावर दाजींच्या घरी कुणी जेवत नसे, आणि नात बघितल्याशिवाय घास घेणार नाही असं दाजींच्या आईंनी सांगून ठेवलं होतं. म्हणजे सूर्यास्ताच्या आत पोचलो नाही तर म्हातारीला उपास घडणार. काकती मागे पडलं. खुळखुळ आमच्याबरोबर होती. पोर त्या आवाजावर गाढ झोपली होती. संकेश्वरला पाणी भरायला थांबलो तेवढीच ती जागी झाली. पुढे निघालो आणि थोड्या वेळाने माझ्या लक्षात आलं की गाडी अगदी गुळगुळीत चालली आहे.

"दाजी, आवाज गेला!" मी ओरडलो.

"गेला गं बाई एकदाचा," मागून आक्का म्हणाली.

दाजींनी मान डावीकडे कलती केली. तवंदीचा घाट उतरायला सुरुवात होते तिथे त्यांनी गाडी कडेला घेतली आणि बंद केली.

"आता काय झालं?" मी विचारलं. दिवस कासराभर राहिला होता.

"तीन म्हैने जे बोलत हुतं ते गप्प का झालं?"

"बरं झालं की! आई तिकडे उपाशी बसल्यात, चला."

"मास्तर, आपण काय बी केलं न्हाय. न करता बरं कसं हुईल?" एवढं बोलून ते खाली उतरले. मी वैतागून बसून राहिलो. त्यांनी पुढून एक फेरी मारली, डाव्या चाकापाशी खाली बसले, आणि बराच वेळ उठले नाहीत म्हणून मी उतरलो. चाकाच्या मधोमध टोपी नव्हती. सैल होऊन बाहेर सरकलेल्या नटाने आतून रेटल्यामुळे ती संकेश्वरच्या पुढे कुठेतरी रस्त्यात उडून गेली होती. नटातली पीन मोडून तिचा तुकडा टोपीत पडला होता. तीन महिने खुळखुळत होता तो हाच तुकडा, आणि टोपीबरोबर तोही गेला होता. आता उघड्या पडलेल्या नटाला दाजींनी दोन बोटं लावली. नट फिरला. नुसत्या दोन बोटांनी, बरणीचं झाकण फिरावं तसा. दोन आटे उरले होते. त्यांच्या पलीकडे चाक मोकळं होतं, आणि आमच्या पुढे घाटाची पहिली वळणं होती.

दाजी तिथेच धुळीत बसले. त्यांची बोटं वंगणाने काळी झाली होती. आक्का पोरीला घेऊन खाली आली. तिने चाक बघितलं, त्यांच्याकडे बघितलं आणि तिला समजलं.

"काल त्यो मिस्त्री म्हनत हुता, काढून बघतो," दाजी म्हणाले. "मीच नगं म्हनलो. वरखडा उठंल म्हनून. एका वरखड्यासाटी गं... तुला आन् हिला..."

आक्का त्यांच्यापाशी बसली. अकरा वर्षांत मी तिला त्यांच्याशी चारचौघांत बोलताना फारसं ऐकलं नव्हतं. "ऐकलासा म्हनून थांबलासा न्हवं?" ती म्हणाली. "उठा. नट आवळा."

नट पान्याने आवळला, पण पिनेशिवाय तो पुन्हा सुटणार. गाडीभर शोधलं, तार नाही, खिळा नाही. आक्काने पोर माझ्याकडे दिली, अंबाड्यातला लोखंडी आकडा उपसला आणि त्यांच्यापुढे धरला. दाजींनी तो भोकातून ओवला आणि टोकं दोन्हीकडे वळवली. मग उभे राहून म्हणाले, "तू आन् मास्तर पोरीला घेऊन चालत उतरा. गाडी मी एकटा नेतो. खाली गाठ पडू."

"आकडा माझा हाय," आक्का म्हणाली. "मी बसनार." आणि सुटलेले केस पाठीवर तसेच टाकून ती मागे जाऊन बसली.

तो घाट आम्ही इतक्या हळू उतरलो की आमच्या बाजूने एक मेंढरांचा कळप पुढे निघून गेला. दाजींनी दर वळणावर गाडी थांबवली, उतरून आकडा चाचपला आणि पुन्हा चढले. घरी पोचलो तेव्हा दिवस कधीच बुडाला होता. दाजींच्या आई दारातच उभ्या होत्या. भाकरतुकडा ओवाळायच्या आधीच दाजींनी, उंबऱ्याबाहेर उभं राहून, सगळं सांगून टाकलं. टोपी, छन्नी, वरखडा, काही लपवलं नाही. आईंनी ऐकून घेतलं, नातीला छातीशी धरलं आणि म्हणाल्या, "पोचलासा न्हवं? मग आत या." त्या रात्री त्या घरातलं कुणीच जेवलं नाही, पण उपास इतका आनंदात गेलेला मी दुसरा पाहिला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दाजींनी उरलेल्या तीन टोप्या स्वतःच्या हाताने छन्नी लावून काढल्या. त्या पुढे पोरीच्या भातुकलीत गेल्या आणि चाकांवर पत्र्याच्या साध्या वाट्या बसल्या. मग दुसरी मोठी लढाई आली. पेट्रोल मिळेना, टायर मिळेनात. मोटार विटांवर चढून गोठ्याशेजारी उभी राहिली, आणि एक दिवस कोल्हापूरकडचा कुणी येऊन ती घेऊन गेला. त्या दिवशी दाजी शेतावर होते. मुद्दाम गेले होते असं आक्का म्हणाली.

पोर सात वर्षांची झाली तेव्हा तिला आमच्याकडे शिकायला ठेवायचं ठरलं. मी तिला न्यायला गेलो. दाजी आम्हाला निपाणीच्या स्टँडवर सोडायला आले होते. दम्याने ते फार थकले होते. चार पावलं टाकली की थांबायचे. बेळगावची सर्व्हिस मोटार भरली, ड्रायव्हर चढला. दाजी म्हणाले, "जरा थांबा." आणि ते त्या मोटारीभोवती चालू लागले. प्रत्येक चाकापाशी वाकायचे, हात लावायचे, दम घ्यायचे आणि पुढच्या चाकाकडे जायचे. आतली माणसं कुरकुरायला लागली. कंडक्टर म्हणाला, "आवो बाबा, गाडी कंपनीची हाय." मला लाज वाटत होती, हे आता कबूल करायला हवं. पोर मात्र खिडकीतून अर्धी बाहेर झुकून बापाकडे बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर यात काही जगावेगळं घडतंय असं अजिबात नव्हतं.

फेरी पुरी करून दाजी खिडकीखाली आले. पोरीचा हात त्यांनी क्षणभर धरला, धुळीने माखलेल्या बोटांनी, आणि मग ड्रायव्हरकडे वर बघून, स्वतःचीच गाडी असल्यासारखं म्हणाले, "जावा आता. सावकाश."

ड्रायव्हर का कुणास ठाऊक, हसला नाही. "व्हय आप्पा," म्हणाला. गाडी निघाली. त्या पावसाळ्यात दाजी गेले. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते तेव्हाच; स्टँडच्या धुरळ्यात एक हात खांबाला टेकून, डोळे उघडे ठेवून, आमची गाडी वळणाआड जाईपर्यंत ते बघत उभे होते.