मामा, गंज आणि शनिवारचं तेल

लोखंडाचं दुखणं नुसत्या आवाजावरून ओळखणारा माणूस अख्ख्या नगर जिल्ह्यात एकच आहे, आणि तो नेमका माझ्या बायकोचा थोरला मामा आहे. डॉक्टर नाडी बघतात, मामा पत्रा ठोकतात. उजव्या हाताच्या मधल्या बोटाचं पेर वाकवून टक टक टक असं तीनदा ठोकायचं, मान तिरकी करायची, डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचा. साखर कारखान्याच्या वर्कशॉपात चाळीस वर्षं फिटर म्हणून काढली, निवृत्त होऊन सोनईला घरी बसले, पण बोट काही निवृत्त झालं नाही. एसटी थांबली की चढण्याआधी तिला ठोकणार. बँकेत गेले की तिजोरी बघून बोट शिवशिवतं, आणि शिपाई उगाच जागेवरून उठतो. माझ्या मेहुण्याच्या लग्नात तर कहर झाला. मंगलाष्टकं सुरू व्हायची वेळ, नवरदेवाच्या पाठीशी मामा उभा पाहिजे, आणि मामांचा पत्ता नाही. सगळा मांडव पालथा घातला. शेवटी मामा सापडले ते झेंडूच्या माळांनी मढवलेल्या वरातीच्या गाडीखाली, फेट्यासकट आडवे. ओढून बाहेर काढलं तर धोतर झटकत म्हणतात, “वरनं झेंडू आन् खालनं भोकं. नवरीला फुडं बसवा, मागचा पत्रा सडलाय.” गाडी नवरीच्या काकांची होती. ते काका अजून आमच्याशी धड बोलत नाहीत.

मामांचे नियम दोन. पहिला, पुट्टीला शिवायचं नाही. गंजक्या भोकावर पुट्टी थापून वरून रंग मारणाऱ्या माणसाला ते माणसातच धरत नाहीत. “पुट्टी म्हंजे गंजाला गोधडी,” असं त्यांचं म्हणणं. “आत त्यो उबंला निजतोय आन् निवांत खातोय.” दुसरा नियम, शनिवारी लोखंडाला हात लावायचा नाही. मामींचं माहेर शनिशिंगणापूर. लग्न झाल्यावर त्या एकदा बोलून गेल्या की शनिवारी लोखंड घेऊ नये. घेऊ नये म्हणजे विकत घेऊ नये, एवढंच; पण मामांनी हातातही घ्यायचं सोडलं. कारखान्यात भांडून साप्ताहिक सुट्टी शनिवारची करून घेतली. त्या दिवशी सायकल नाही, कुलूप नाही, विळी-कात्री तर नाहीच. दाढीसुद्धा रविवारी. “एकदाच बोलले हो मी,” मामी कपाळाला हात लावून सांगतात, “बाकी माझं एक ऐकतील तर शपथ!”

अशा माणसाच्या हाती आपली गाडी द्यायला मी तयार नव्हतो, हे आधीच कबूल करतो. गाडी आमची म्हणायची, पण खरी हिची. चालवते ही, पेट्रोल भरते ही, मी नुसता शेजारी बसून पायाने नसलेला ब्रेक दाबतो. माझं श्रीरामपुरात झेरॉक्सचं दुकान, घरापासून चालत चार मिनिटं. ही मात्र आरोग्यसेविका. हिचं उपकेंद्र अशा आडबाजूला की सकाळी एक एसटी जाते, तीही तिच्या मनात आलं तर. गाडी नव्हती तेव्हा ही फाट्यावर उतरून लसींचा डबा खांद्याला लावून वस्त्या-वस्त्या पायी हिंडायची. संध्याकाळी घरी आली की आधी पाय गरम पाण्यात, मग बोलणं. जुनीच गाडी घेतली आणि हिचं आयुष्य बदललं. एकदा एका बाळंतिणीला मागच्या सीटवर आडवी घालून हिने वेळेत दवाखाना गाठला. मुलगी झाली. तिच्या बारशाला आम्ही गेलो तर त्या घरच्या आजीने हिच्या आधी गाडीला कुंकू लावलं.

तर ती गाडी पंधरा वर्षांची झाली. आता आरटीओत तपासणी. पास झाली तर पुढे पाच वर्षं, नाही तर भंगार. इंजिन ठणठणीत होतं, पण अंग पार गंजलेलं. मागचं पायपुसणं उचललं की खाली पळणारा रस्ता दिसायचा. डेंटिंगवाल्याने जो आकडा सांगितला, त्यात तशीच दुसरी जुनी गाडी आली असती. दोन पोरं शिकतायत, कुठून आणायचे? त्या दिवशी जेवताना ही म्हणाली, “जाईन परत एसटीनं. आधी जात नव्हते का?” तक्रार केली असती तर मी भांडलो तरी असतो. ती इतक्या सरळ आवाजात बोलली की मी हातातला घास परत ताटात ठेवला. मग तीच म्हणाली, “मामांना दाखवूया.” मी म्हटलं, “त्यापेक्षा भंगारवाल्याला दाखवू,” आणि पुढच्या रविवारी मुकाट्याने सोनईला गेलो.

मामांनी गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या. मग ठोकायला सुरुवात. जिथे आवाज बसका लागेल तिथे खडूने गोल. तासाभरात गाडीवर इतके गोल झाले की तिचा मूळ रंग कोणता ते आठवेना. दाराखालच्या पट्टीत त्यांनी स्क्रूड्रायव्हर घातला तर तो मुठीपर्यंत आत गेला, आणि तांबडा चुरा भसाभसा खाली आला. हिचा चेहरा उतरला. “मामा, वाचेल का हो?” असं तिने विचारलं, जणू आत पेशंट झोपलाय. मला राहवलं नाही. मी म्हटलं, “मामा, तेवढ्यापुरती थोडी पुट्टी लावली तर?” मामांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. भाचीला म्हणाले, “वाचंल. पन मला आठ दिस दे, आन् ह्या पाव्हन्यांना हितून ने.”

मामांची रीत साधी. चांगला पत्रा लागेपर्यंत उकरायचं, सडलेलं सगळं कापून टाकायचं आणि तिथे नवा तुकडा जोडायचा. शेजारच्या फॅब्रिकेशनवाल्याकडून वेल्डिंगचं मशीन आणलं. प्रश्न पत्र्याचा. बाजारातला पत्रा मामांना पसंत नाही, “आताचा पत्रा म्हंजे कागुद.” मंगळवारी आम्ही बघायला गेलो तर मामींच्या लग्नातल्या लोखंडी कपाटाला एकच दार. दुसऱ्या बाजूला जुना पंचा लटकवलेला. “खनखनीत पत्रा हाय, पन्नास वर्सात ठिपका न्हाई,” मामा आनंदाने सांगत होते, आणि मामींच्या कपाटाचं दार तुकडे होऊन आमच्या मागच्या सीटखाली जोडलं जात होतं. मामी दारात उभ्या. “माझ्या माहेरी घरांना दारं न्हाईत. म्हनलं, सासरी निदान कपाटाला तरी असू दे. तर त्ये बी नेलं!” ही माफी मागायला लागली तर त्या म्हणाल्या, “जाऊ दे गं पोरी. तुझं जानं-येनं ऱ्हाईलं पायजे. साड्यांना काय, वाराच लागंल.”

तपासणीची तारीख होती पुढचा मंगळवार. शुक्रवारी दुपारपर्यंत सगळं वेल्डिंग झालं, घासून घासून पत्रा उघडा केला, नुसता चमकत होता. आता प्रायमरचा हात तेवढा मारायचा. घासलेला पत्रा उघडा ठेवायचा नाही, हाही मामांचाच कायदा. पण तेवढ्यात रस्त्याला कांद्याचा एक टेम्पो थांबला, आणि ड्रायव्हर म्हणाला की मागून कुठून तरी खडखड येतेय. झालं! मामा त्या टेम्पोखाली गेले ते अंधार पडल्यावर बाहेर आले. खडखड सापडली, प्रायमर राहिला. आणि दुसऱ्या दिवशी शनिवार.

शनिवारी सकाळी रजा टाकून आम्ही पोचलो, आणि बघतो तर काय! मामी न्हाऊन-माखून, पदर खोचून, तेलाचा कॅन आणि फडकं घेऊन गाडीला तेल चोपडत होत्या. बॉनेट, छत, चारी दारं, खालच्या पट्ट्या. बाळाला न्हाऊ घालण्याआधी करतात तसं अगदी जिरवून जिरवून. मी ओरडलो, “मामी, अहो हे काय करताय?” त्या शांतपणे म्हणाल्या, “काय म्हंजे? शनिवार हाय, लोखंड उघडं पडलंय, पोरीचं काम अडलंय. तेल घालायचं न्हाई तर काय करायचं?”

मामा आतून धावत आले, बघितलं आणि ओट्यावर बसलेच. “तेलावर रंग बसत न्हाई,” एवढंच स्वतःशी पुटपुटले. पन्नास वर्षांत मामींवर आवाज चढवलेला कुणी ऐकला नव्हता, तो तेव्हाही चढला नाही. मी फडकं घेऊन पुसायला धावलो तर मामा कडाडले, “थांबा! जावयाला शनिवारी लोखंडाला हात लावू दिऊ व्हय मी?” झालं, म्हणजे पुसणंही रविवारवर. ही कोपऱ्यात उभी राहून बोटांवर दिवस मोजत होती. मामींना काय चुकलं ते कळेना, आणि कुणी सांगायला धजेना. त्यात दुपारी आभाळ भरून आलं आणि अवकाळी पाऊस कोसळायला लागला. मामांची शेड म्हणजे चार खांब आणि वर पत्रे. चारी बाजूंनी झड आत येत होती. आम्हाला मुक्कामच करावा लागला. पहाटेपर्यंत पाऊस काही थांबला नाही.

रविवारी उजाडल्या उजाडल्या मामा अनवाणीच शेडकडे गेले. टक टक टक ऐकू आलं, मग बराच वेळ काही नाही. माझ्या मनात आलं, संपलं सगळं. मग हाक आली, “अगं ए! हिकडं ये आदी!” आम्ही सगळेच धावलो. गाडीवर पाण्याचे थेंब नुसते टपोरे होऊन बसले होते, आणि त्यांच्याखाली पत्रा शुक्रवारी होता तसाच लखलखीत. गंजाचा एक ठिपका नाही! डिकीचं झाकण काढून मामांनी शेडमागे घराच्या भिंतीला टेकवून ठेवलं होतं. ते मामींच्या लक्षात आलं नव्हतं, म्हणून त्याला तेल नाही. ते झाकण पार तांबडं झालेलं. मामांनी त्याच्यावरून बोट फिरवलं, बोट बघितलं, गाडी बघितली, मग मामींकडे बघितलं. “काल तू तेल लावलं नसतं तर समदी गाडी आशीच झाली आसती,” ते म्हणाले. “माझी चूक हुती, मी उघडी ठिवली. चाळीस वर्सं लोखंड मी ठोकलं, पन कळलं तुला.” मामी लाजल्या. म्हणाल्या, “मला मेलीला काय कळतंय? शनिवार हुता, म्हनून लावलं.” मला हसू आवरेना, हिला रडू आवरेना, आणि छातीवरचा दगड उतरला म्हणतात तो कसा उतरतो ते मला त्या दिवशी कळलं.

मग आम्ही चौघं कामाला लागलो. गरम पाण्यात सोडा घालून गाडी तीनदा धुतली, थिनरने पुसली, परत पुसली. तेल गेलं की नाही याची मामांची परीक्षा अशी की पत्र्यावर पाणी टाकायचं. ते पसरलं तर पास, थेंब होऊन बसलं तर पुन्हा पुसा. मला त्यांनी चार वेळा नापास केलं. झाकण मात्र मामांनी स्वतः, कुणालाही हात लावू न देता, पुन्हा पहिल्यापासून घासलं. दुपारी प्रायमर, सोमवारी रंग. रंगाची छटा गाडीच्या मूळ रंगाशी थोडी जुळत नाही, पण ते फक्त मला दिसतं, आणि ते बोलायची माझी प्राज्ञा नाही.

मंगळवारी मामा हट्टाने आरटीओत आले. साहेबांनी बॅटरी घेऊन वाकून खालून बघितलं, दाराखालची पट्टी अंगठ्याने दाबली, पायपुसणं उचललं. साहेबांनी विचारलं, “काम कुठं केलं?” ही म्हणाली, “घरी.” साहेबांनी पुन्हा एकदा खाली बघितलं, कागदावर काही लिहिलं आणि म्हणाले, “चांगलं केलंय. घेऊन जा.” बस, एवढंच. मामा बाहेर येऊन लिंबाखाली बसले आणि म्हणाले, “पानी द्या जरा.” तांब्याभर पाणी एका दमात प्यायले. मग आणखी एक तांब्या मागितला. हा माणूस घाबरलाही होता, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं, आणि मी आजवर त्यांच्या केलेल्या सगळ्या नकलांची मला लाज वाटली.

सोनईला परत सोडायला निघालो तेव्हा मामा पुढे बसले, मी मागे. रस्त्याला दोन्हीकडे ऊस उभा होता. मामा खिडकीतून तो बघत होते. मग म्हणाले, “आता फुडची तपासनी कवा?”

“पाच वर्षांनी,” ही म्हणाली.

मामांनी मनाशी काही तरी हिशेब केला. पंचाहत्तरी त्यांची मागच्याच पौषात झाली. “तवा बी माझ्याकडंच आन,” ते म्हणाले. “दुसऱ्या कुनाचा हात लागू द्यायचा न्हाई.”

“आणते ना. तुम्ही असा म्हणजे झालं,” ही समोर रस्त्याकडे बघत म्हणाली.

मामा हसले आणि बसल्या जागी दाराचा पत्रा टक टक टक ठोकून बघायला लागले. हिने गाडी जरा हळू केली. घर आता फार लांब राहिलं नव्हतं.