एस कुठं लावायचा?

इंग्रजीचा मास्तर रिटायर होईपर्यंत काय कमावतो? किस्से! कारध्याजवळच्या आमच्या शाळेत मी वर्षानुवर्षं साधा वर्तमानकाळ शिकवतोय. काळ सरला, वर्तमानकाळ काही सरला नाही.

एकदा वर्गात सांगत होतो, "बॉइज गो. पण बॉय एकच असला, तर गोज."

पहिल्या बाकावरची पोरगी उभी राहिली. "सर, पोट्टे खूप असले त गोच्या मागं काहीच नाही, आन् एकटा असला त एस! काहून?"

"नियम आहे," मी म्हणालो.

ती खाली बसत शेजारणीला म्हणाली, "सरले बी नाही मालूम!"

पालक सभेत एक बाप वैतागून आला. "सर, आमचं पोट्टं दिवसभर 'आय गो, यू गो, ही गोज' करते. धानाच्या बांधीत चाल म्हटलं, त जाते कुठंच नाही!"

आमचे हेडमास्तर गणिताचे, पण इंग्रजीचा कॉन्फिडन्स दांडगा. त्यांनी गेटवर रंगवून घेतलं, 'धिस स्कूल टीच इंग्लिश'. मी म्हटलं, "सर, एक एस राहिला."

दुसऱ्या दिवशी पाहतो तर, 'धिस स्कूल्स टीच इंग्लिश'!

"एस पाहिजे होता, आला ना?" हेडमास्तर म्हणाले. "आता जागा कायले पाहता?"

पुण्याकडून एक मॅडम नव्याने आल्या. मधल्या सुट्टीत डबा खाणाऱ्या पोराला त्यांनी विचारलं, "व्हॉट आर यू डूइंग?"

"आय ॲम ईटिंग स्टेइंग, मॅडम."

"म्हणजे? मराठीत सांग."

"जेवून राहिलो ना!"

"जेवून कुठे राहिलास?"

पोरगा बाजूच्याकडे वळला. "मॅडमले त मराठी बी येत नाही बे!"

आणि मग ते तपासणीचे साहेब. वर्गात शिरले आणि प्रणालीला उभं केलं. प्रणालीचं गाव गोसीखुर्दच्या पाण्यात गेलं, तिच्या घरचे आता पुनर्वसनाच्या वस्तीत राहतात. साहेबांना हे कुठून माहीत असणार!

"माय व्हिलेज. एक वाक्य. प्रेझेंट टेन्स!"

"माय व्हिलेज वॉज..."

"वॉज नाही! प्रेझेंट!"

"पण साहेब, गाव नाही आता. धरणात गेलं."

"ते मराठीत झालं. इंग्लिशमध्ये, प्रेझेंट टेन्समध्ये बोल."

प्रणालीनं माझ्याकडे पाहिलं. मी हातातल्या खडूकडे पाहिलं.

"माय व्हिलेज इज वॉटर," ती हळूच म्हणाली.

"चूक!" साहेब खूश झाले. चूक सापडली की साहेब खूशच होतात. "गाव म्हणजे पाणी नाही, गावात पाणी असतं. इज नाही, हॅज!" त्यांनी स्वतः फळ्यावर लिहिलं, सगळ्या वर्गाकडून मोठ्यानं म्हणवून घेतलं, "माय व्हिलेज हॅज वॉटर!"

मग तिच्याकडे वळून म्हणाले, "आता समजलं?"

"हो साहेब," प्रणाली म्हणाली. "छपराच्या वरपर्यंत हॅज."